चाळीस सेकंदांचा चेंडू : मराठीत क्रिकेट समालोचन शिकताना

कसोटीत दिवसाला ९० षटकं, सहा तास. म्हणजे षटकाला चार मिनिटं आणि चेंडूला ४० सेकंद. वीस षटकांच्या सामन्यात डावाला ८५ मिनिटं धरली तरी हिशेब जवळपास तोच येतो. या चाळीसपैकी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो गोलंदाजाच्या धावेसकट फार तर दहा-बारा सेकंद. त्या दहा-बारा सेकंदांत किती कमी बोलायचं आणि उरलेल्या अठ्ठावीसमध्ये काय काय बसवायचं, हे आधी शिकायचं. भारदस्त आवाज, शेरोशायरी, किस्से हे सगळं त्यानंतर. बहुतेक नवखे हा क्रम उलटा धरतात आणि पाचव्या षटकाला त्यांच्याजवळचं सगळं संपलेलं असतं.

गावच्या स्पर्धेत पहिल्यांदा माइक हातात घेणारे, क्लबच्या यूट्यूब प्रक्षेपणावर बोलणारे आणि आकाशवाणीच्या चाचणीची तयारी करणारे, अशा सगळ्यांना उपयोगी पडेल असं इथे दिलं आहे. मुलींसाठी वेगळं समालोचन नसतं, पण त्यांच्यापुढच्या अडचणी मात्र वेगळ्या असतात. त्यासाठी पुढे स्वतंत्र भाग आहे.

१. ऐकणारा कुठे बसलाय ते आधी ठरवा

मैदानावरच्या भोंग्यावर बोलता तेव्हा ऐकणारा सामना स्वतःच्या डोळ्यांनी बघत असतो. "ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून दिला" हे त्याला सांगायची गरज नसते. त्याला हवं असतं : फलंदाजाचं नाव, धावफलक, किती चेंडूंत किती हव्यात, पुढचा सामना कोणाचा, नाणेफेकीला कोणी यायचं. रेडिओच्या श्रोत्याला यातलं काहीच दिसत नाही. टीव्हीच्या प्रेक्षकाला चेंडू दिसतो, पण क्षेत्ररचना दिसत नाही.

गावच्या यूट्यूब प्रक्षेपणाचं काय? इथे बहुतेकांची फसगत होते. चित्र आहे म्हणून लोक टीव्हीसारखं बोलतात. पण तिथे कॅमेरा एकच, गोलंदाजाच्या मागे मांडवात लावलेला. चेंडू मिडविकेटला उडाला की चौकटीबाहेर जातो आणि कॅमेरावाला त्याला शोधेपर्यंत झेल घेऊनही झालेला असतो. अशा वेळी मुंबईत कामावर बसून गावाची मॅच बघणारा चाकरमानी किंवा आखातातला तरुण पूर्णपणे तुमच्या तोंडावर अवलंबून असतो. म्हणून एका कॅमेऱ्याच्या प्रक्षेपणावर रेडिओसारखंच बोला. भोंगा आणि प्रक्षेपण यांना माइक एकच असेल, आणि बहुधा असतोच, तर प्रक्षेपणाची बाजू धरा. मैदानावरच्या माणसाला थोडं जास्त ऐकावं लागेल, त्याने बिघडत नाही. जेवणाच्या आणि हरवलेल्या चपलांच्या घोषणा मात्र षटकांच्या मध्येच.

२. चाळीस सेकंदांची वाटणी

घड्याळ लावून ही वाटणी घोकावी लागते. चेंडू 'मृत' झाला, म्हणजे त्यावरचा खेळ संपला, की मोजायला सुरुवात करा.

पहिली दहा सेकंदं : आत्ता काय झालं. कुठे टाकला, कसा खेळला, कोणी अडवला, किती धावा. भूतकाळात, शांतपणे.

पुढची दहा ते बारा : धावफलक किंवा एखादा मुद्दा किंवा सहकाऱ्याचं मत. तिन्ही नाही, एकच.

त्यानंतरची सहा-सात : स्ट्राइकवर कोण, गोलंदाज कोणत्या टोकाकडून, क्षेत्ररचनेत काही बदल झाला का.

मग गोलंदाजाची धाव. वेगवान असेल तर चार ते सहा सेकंद, फिरकी असेल तर दोन-तीन. इथे वर्तमानकाळ आणि आखूड तुकडे. चेंडू हातातून सुटल्यावर बॅटपर्यंत पोहोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपासच लागतो. तेवढ्यात एका शब्दापेक्षा जास्त काही बसत नाही, म्हणून तिथे गप्प बसा. बॅटचा आवाज माइकमधून ऐकू गेला तर श्रोत्याला अर्धी गोष्ट तिथेच कळते.

टेनिस बॉलच्या स्पर्धांत आयोजकांना दिवसात सामने उरकायचे असतात, त्यामुळे चेंडूमागचा वेळ पंचवीस-तीस सेकंदांवर येतो. तेव्हा कापायचा तो मधला भाग. पहिला आणि शेवटचा कधीच कापू नका.

धावफलक किती वेळा द्यायचा? प्रत्येक षटकात निदान दोनदा, षटक संपल्यावर पूर्ण. अमेरिकेतले बेसबॉल समालोचक रेड बार्बर समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत आणि ते उलटताना दर वेळी धावसंख्या सांगत. ऐकणारा कधीही नव्याने जोडला जातो, त्याने 'स्कोअर काय झाला' असं विचारण्याआधी तो त्याला मिळायला हवा. यूट्यूबच्या चॅटमध्ये कोणी स्कोअर विचारत असेल, तर चूक तुमची आहे.

३. मराठी वाक्य मोडायला शिका

इंग्रजी समालोचकाला एक सोय आहे, त्याचं क्रियापद लवकर येतं. आपलं क्रियापद शेवटी. "आणि रोहितने हा चेंडू एक्स्ट्रा कव्हरच्या डोक्यावरून अतिशय सुंदर पद्धतीने सीमारेषेबाहेर टोलवलेला आहे" हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण 'टोलवलेला आहे' येईपर्यंत चेंडू सीमारेषेवरून परतसुद्धा आलेला असतो. आणि 'टोलवलेला आहे' ऐकेपर्यंत श्रोत्याला फटका बसला की चुकला तेच कळत नाही.

उपाय असा : चेंडू खेळात असताना क्रियापद सोडून द्या. नाव, जागा, परिणाम. "ऑफ स्टंपबाहेर... ड्राइव्ह... कव्हर आणि एक्स्ट्रा कव्हरच्या मधून... चौकार!" शब्द ज्या क्रमाने घटना घडते त्याच क्रमाने. चेंडू सीमारेषेपलीकडे गेल्यावर पूर्ण वाक्य करायला दहा सेकंद आहेतच. तिथे हवी तेवढी मराठी सजवा.

२ नोव्हेंबर २०२५ चा महिला विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या, नवी मुंबईचं डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम. भारताच्या २९८, दक्षिण आफ्रिका ९ बाद २४६, दीप्ती शर्मा गोलंदाज, नदीन डी क्लर्क स्ट्राइकवर. शेवटचा चेंडू रेडिओसाठी असा मांडता येईल :

"दीप्ती... आली... उचलला! हवेत... हरमनप्रीत मागे धावतेय, मागे, मागे... झेल!"

आणि गप्प. स्टेडियम जे बोलतंय ते बोलू द्या. पाच सेकंद, दहा सेकंद. मग एक वाक्य : भारत ५२ धावांनी जिंकला, भारतीय महिला पहिल्यांदाच विश्वविजेत्या. वरच्या ओळीत 'झेल' आधी 'बाद' नाही, हे लक्षात घ्या. क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू स्थिरावेपर्यंत 'हवेत' हा एकच सुरक्षित शब्द आहे. 'गेला!' हा त्याहून धोक्याचा, कारण तो षटकारालाही चालतो आणि फलंदाजालाही.

याच मापाने स्वतःचं रेकॉर्डिंग तपासा. 'लेला आहे', 'लेली आहे' किती वेळा आलं ते मोजा. त्याच्या जोडीला मराठी वक्त्यांची नेहमीची पुरणं : 'या ठिकाणी', 'खऱ्या अर्थाने', 'कुठेतरी', 'आपण बघतोय की', 'अतिशय सुंदर असा'. पाच षटकांत 'या ठिकाणी' चाळीस वेळा येतं, आणि ठिकाण एकदाही सांगितलेलं नसतं.

४. शब्द कुठले वापरायचे

पुण्याचे बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठी समालोचन घराघरांत नेलं, तेव्हापासून त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत, धावबाद, निर्धाव, अवांतर, नाणेफेक हे शब्द कानांना सरावलेले आहेत. ते वापरा, छान आखूड आहेत. 'पायचीत' हे 'एलबीडब्ल्यू'पेक्षा तोंडात निम्म्या वेळात बसतं. पण क्षेत्ररक्षणाच्या जागा इंग्रजीच ठेवा. स्लिप, गली, पॉइंट, मिडऑन, फाइन लेग यांना मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्याला टाळ्या मिळतील, पण चेंडू कुठे गेला ते कोणालाच कळणार नाही. यॉर्कर, गुगली, स्वीप, फ्री हिट, वाइड यांचंही तसंच. निकष एकच : गावातला दहावीतला पोरगा मैदानावर जो शब्द ओरडतो तो चालतो.

बोली लपवू नका, पण 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' स्वच्छ हवेत. आकाशवाणीच्या चाचणीत ते पाहतात.

दोन टोकांना नावं द्या. वानखेडेवर गरवारे पॅव्हिलियन एंड आणि टाटा एंड आहेत, तुमच्या मैदानावर 'देवळाचं टोक' आणि 'शाळेचं टोक' असेल. सामना सुरू होण्याआधी एकदा सांगा आणि दिवसभर तेच वापरा. भात कापून तयार केलेल्या मैदानावर तर बांध, आंब्याचं झाड, रस्ता हेच खरे खुणेचे दगड. "लाँगऑनला, आंब्याखाली" हे ऐकून बाहेरगावचा गाववाला थेट मैदानात येऊन उभा राहतो.

५. आकडे

मराठी अंक घसरतात. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सदतीस आणि सत्तेचाळीस, त्रेपन्न आणि त्रेसष्ट. दमलेल्या जिभेवर आणि फाटलेल्या भोंग्यावर यांची गल्लत ठरलेली. 'सहा' आणि 'दहा', 'सात' आणि 'साठ' हे तर भोंग्यातून सारखेच ऐकू येतात. म्हणून शेवटच्या षटकांत समीकरण दोनदा, शब्दांचा क्रम बदलून सांगा : "दहा चेंडू, धावा हव्यात सहा... सहा धावा, आणि हातात चेंडू दहा."

गरजेची धावगती तोंडी काढायची रीत सोपी : हव्या असलेल्या धावा गुणिले सहा, भागिले उरलेले चेंडू. ४७ धावा, २८ चेंडू : ४७ सख २८२, भागिले २८, म्हणजे दहाला किंचित वर. दशांश सांगू नका. 'षटकामागे दहा' पुरे. साडेसात, पावणेनऊ, सव्वाअकरा ही आपल्याकडची सोय आहे, ती वापरा. 'सात पूर्णांक पाच शून्य' असं आकाशवाणीच्या बातम्यांसारखं वाचण्यात हशील नाही.

रोज सकाळी दहा मिनिटं ४० ते ९९ पर्यंतचे आकडे उलटसुलट, मोठ्याने. कंटाळवाणं आहे, पण दुसरा उपाय नाही.

६. तयारीचा कागद

ए-फोर कागद आडवा धरा, मधोमध रेघ. डावीकडे एक संघ, उजवीकडे दुसरा. प्रत्येक खेळाडूसमोर चारच गोष्टी : जर्सी क्रमांक, उजवा की डावखुरा, काय टाकतो किंवा टाकते, आणि ओळखीची एक खूण (पांढरी टोपी, गुडघ्याला पट्टा, पूर्ण बाह्या). नाणेफेकीच्या वेळी कर्णधाराकडून नावं वाचून घ्या आणि उच्चार तिथेच विचारा. नाव चुकलं तर खेळाडूचं अख्खं गाव चिडतं. कागदावर किस्से लिहिले तर डोळे कागदावरच राहतात, म्हणून ते नकोत.

खाली मैदानाचं वर्तुळ काढा, नऊ ठिपके. डावखुरा आला की सगळं उलटं होतं आणि नवख्यांची जीभ इथेच अडखळते. सरावाला टीव्हीचा आवाज बंद करून फक्त डावखुऱ्या फलंदाजाची पाच षटकं बोला. चेंडू पडद्याच्या कुठल्या बाजूला गेला यावरून बाजू ठरवू नका, फलंदाजाच्या पायांवरून ठरवा.

मोठ्या मैदानावर आठ पट वाढवणारी साधी दुर्बीण घ्या. जास्त शक्तीची हातात थरथरते.

७. माइक, भोंगा आणि उशीर

माइक तोंडापासून चार बोटं, थोडा तिरका. सरळ समोर धरला की 'प', 'फ', 'भ' फुटतात. भोंगे नेहमी माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. मागे किंवा बाजूला आले की शिट्टी सुरू होते, मग ध्वनिक्षेपकवाला आवाज कमी करतो, मग तुम्ही ओरडता, आणि दुपारी घसा बसतो. हेडफोन दोन्ही कान झाकणारे असावेत. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत असेल तर माणूस ओरडत नाही. सोप्या मिक्सरवर पातळी दाखवणारे दिवे असतात, तुमचा नेहमीचा आवाज हिरव्यात आणि षटकाराचा पिवळ्यात हवा. लालमध्ये गेलेला आवाज फाटतो, तो नंतर कोणी शिवू शकत नाही.

यूट्यूबवर चित्र सहसा काही सेकंद, कधी अर्ध्या मिनिटापर्यंत उशिरा पोहोचतं. म्हणून स्वतःचंच प्रक्षेपण मोबाइलवर बघून बोलू नका, मैदान बघा. आणि घरी बसून, चित्र बघून समालोचन करायची वेळ आली तर उलटा धोका असतो. क्रिकहीरोजसारखं गुणलेखनाचं अॅप चित्राच्या पुढे धावतं. त्याच्यावर नजर गेली की चेंडू पडण्याआधीच तुमच्या आवाजात बळी ऐकू येतो. ते अॅप अशा वेळी पालथं घाला.

दोन षटकांच्या मध्ये डीजे गाणी वाजवतो. ती प्रक्षेपणात गेली तर स्वामित्व हक्काचा दावा येऊन आवाज किंवा अख्खं प्रक्षेपण बंद पडू शकतं. डीजेची वायर आणि समालोचनाची वायर वेगळ्या ठेवा, हे सकाळीच सांगा. संध्याकाळी उपांत्य फेरीत कोणी ऐकत नाही.

घशाचं : साधं पाणी, दर षटकाला एक घोट. थंड सोडा आणि बोलण्याच्या तोंडावर तेलकट वडा, दोन्ही टाळा. पहिल्याच षटकात काळी पाचला गेलात तर अंतिम सामन्याच्या शेवटच्या चेंडूला वर जायला पट्टी उरत नाही. साधं षटक खालच्या पट्टीत बोला, चढण राखून ठेवा. एका माणसाने सलग अर्ध्या तासाहून जास्त बोलू नये. बीबीसीच्या रेडिओवर तर वीस मिनिटांनी माणूस बदलतात. मुंबईचे बॉबी तल्यारखान दिवसभर एकटेच बोलत आणि माइक दुसऱ्याला देत नसत, असं सांगतात. ते त्यांना शोभलं.

८. जोडीने बोलताना

मुख्य समालोचक गोलंदाजाच्या धावेपासून चेंडू संपेपर्यंत बोलतो, तज्ज्ञ मधल्या वेळात. गोलंदाज धाव घ्यायला वळला की तज्ज्ञाने वाक्य अर्धं सोडून थांबायचं. अर्धं राहिलेलं पुढच्या चेंडूनंतर पूर्ण करता येतं, पण हुकलेला चेंडू परत येत नाही. खूण ठरवून घ्या : कोपराला हलका स्पर्श म्हणजे 'मला बोलायचंय', तळहात खाली म्हणजे 'थांब'.

तज्ज्ञाने 'का' सांगायचं. "चांगला फटका" हे मत प्रेक्षकाकडेही असतं. "मागचे दोन आखूड टाकले, म्हणून पाय मागे राहिला आणि हा पुढचा कडेला लागला", यासाठी खेळाडू समालोचक लागतो. केदार जाधव २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचन करत होता आणि हंगाम चालू असतानाच बंगळूर संघाकडून खेळायला गेला. इतक्या जवळून आलेल्या माणसाचा उपयोग असतो तो या 'का'साठी. मुख्य समालोचक मात्र मोठा खेळाडू असायलाच हवा असं नाही. हैदराबादच्या मराठी घरातले हर्षा भोगले हे त्याचं उत्तर.

९. महिला माइकवर, आणि महिलांचा सामना

चंद्रा नायडू या कर्नल सी. के. नायडूंच्या कन्या. सत्तरच्या दशकात इंदूरमध्ये झालेल्या इंग्लंडच्या एमसीसी संघाच्या सामन्याचं त्यांनी समालोचन केलं, भारतातल्या पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. पेशाने इंग्रजीच्या प्राध्यापिका. बार्बाडोसच्या डोना सिमंड्स वकील, १९९८ मध्ये बीबीसीच्या कसोटी समालोचनात बसणाऱ्या पहिल्या महिला. आयपीएलच्या समालोचन चमूत महिला दिसल्या त्या २०१० नंतरच्या दशकाच्या मध्यावर : अंजुम चोप्रा, ईशा गुहा, मेलनी जोन्स आणि लिसा स्थळेकर. लिसाचा जन्म पुण्याचा, कर्णधारपद ऑस्ट्रेलियाचं. इंदूरपासून इथवर जवळपास चाळीस वर्षं गेली, यावरून दार किती जड आहे ते कळावं.

गावपातळीवर ते दार कसं ढकलायचं? मुलीला पहिली संधी मिळते ती बहुधा सूत्रसंचालनाची : बक्षीस समारंभ, पाहुण्यांचं स्वागत. ती घ्या, पण त्याच दिवशी नाणेफेकीची मुलाखत मागा, आणि पुढच्या स्पर्धेला साखळी सामन्यातली दोन षटकं चेंडूगणिक. 'महिला समालोचक' म्हणून फक्त अंतिम सामन्याला पाच मिनिटं बसवणारे आयोजक असतात. ती शोभा झाली, सराव नाही.

'बायकांचा आवाज भोंग्यावर चिरका लागतो' हे ऐकायला मिळेलच. दोष बहुतेक वेळा भोंग्याचा असतो. पत्र्याचा भोंगा खालचे स्वर गाळतो आणि वरचे टोचवतो. मिक्सरवर 'ट्रेबल'ची कळ थोडी खाली आणि 'मिड' किंचित वर केली की फरक लगेच पडतो. सामना सुरू होण्याआधी दोन मिनिटं तुमच्याच आवाजावर चाचणी करायला लावा, आधी बोलणाऱ्या पुरुषाच्या आवाजावर लावलेल्या कळा तशाच ठेवू देऊ नका. आवाज मुद्दाम घोगरा, खालचा काढू नका. तासाभरात घसा जातो आणि उत्साहाच्या क्षणी खरा आवाज बाहेर पडतोच.

मानधन, येण्या-जाण्याची गाडी, रात्रीचे सामने असतील तर संपण्याची वेळ आणि मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का, हे चारही प्रश्न होकार देण्याआधी विचारा. चौथा विचारायला संकोच वाटतो, आणि मग मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. त्याची किंमत घसा मोजतो. प्रक्षेपणाच्या चॅटवर कोणीतरी देखरेख करणारा आधीच नेमायला सांगा. यूट्यूबवर ठरावीक शब्द रोखता येतात आणि संदेशांचा वेग कमी करता येतो, ही दोन बटणं सामना सुरू होण्याआधी दाबलेली असावीत. बोलत असताना चॅट वाचू नका. हे पुरुषांनाही लागू आहे.

आता महिलांच्या सामन्याचं समालोचन, कोणीही करत असलं तरी. फलंदाज, गोलंदाज, यष्टीरक्षक हे आपले शब्द आधीपासून दोघांनाही चालतात. इंग्रजीला 'बॅट्समन'चा 'बॅटर' करायला २०२१ उजाडावं लागलं. आपली पंचाईत क्रियापदात आहे. "स्मृतीने चौकार मारला" इथे क्रियापद चौकाराच्या मागे जातं, चूक होत नाही. पण "बाद झाला", "धावला", "पुढे सरसावला" इथे पुरुषांच्या सामन्यांची सवय उसळून येते. म्हणून सराव करायचा तो नेमका अशा क्रियापदांचा : बाद झाली, चुकली, घसरली, परतली, आली, थांबली. खेळाडूंना सरसकट 'मुली' म्हणू नका, त्या खेळाडू आहेत. दिसण्यावर शेरे नकोत. 'पुरुषांसारखा फटका' ही स्तुती कोणालाही नको असते.

मोजमापंही वेगळी आहेत. पुरुषांचा चेंडू सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम, महिलांचा १४० ते १५१. आतलं वर्तुळ पुरुषांचं ३० यार्ड, म्हणजे साधारण २७ मीटर, महिलांचं २३ मीटर. आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीत पॉवरप्लेनंतर पुरुषांचे पाच क्षेत्ररक्षक वर्तुळाबाहेर जाऊ शकतात, महिलांचे चार. हे माहीत नसलेला समालोचक "पाचवा बाहेर का ठेवला नाही" म्हणून कर्णधारालाच दोष देतो. वेगाचंही तसंच. ताशी ११८ किलोमीटरचा चेंडू महिला क्रिकेटमध्ये चांगलाच वेगवान असतो. दक्षिण आफ्रिकेच्या शबनिम इस्माईलने २०२४ च्या डब्ल्यूपीएलमध्ये, म्हणजे महिला प्रीमियर लीगमध्ये, १३२.१ टाकला तेव्हा ती इतिहासातली नोंद होती. मापदंड त्या खेळातलाच लावायचा.

१०. चुकलं की

नाव चुकलं, धावा चुकल्या : लगेच दुरुस्त करा, अर्ध्या वाक्यात, आणि पुढे चला. सबबी सांगत बसलात तर पुढचा चेंडूही हुकतो. शब्दच वावगा गेला तर माफी स्पष्ट आणि आखूड. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत ईशा गुहांच्या तोंडून जसप्रीत बुमराच्या कौतुकात 'प्रायमेट' (माकड-वानरांच्या वर्गाचं नाव) हा शब्द गेला. दुसऱ्या दिवशी प्रक्षेपण सुरू होतानाच त्यांनी थेट माफी मागितली, विषय तिथे मिटला. टोपणनावं, रंग, जात, वजन, गावाची थट्टा, या भागातून गाडी न्यायचीच नाही.

पायचीतचं अपील झालं की फक्त 'अपील!' म्हणा आणि पंचाच्या बोटाकडे बघा. निर्णयावर भोंग्यातून मत देऊ नका. प्रक्षेपणावर मत दिलं तर वाद होतो, पण मैदानावर दिलं तर पंचाला घरी पोहोचवायला माणसं लागतात. खेळपट्टी, दुखापत, संघातला बदल यांची माहिती सामन्याआधी फोनवर कोणी 'सहज' विचारली तर तो सट्टेवाला असू शकतो, फोन ठेवून आयोजकांना कळवा. आणि बळी पडल्यावर दोन सेकंद नो बॉल आहे का बघा. फ्री हिटला धावबाद सोडता बाकीचे बहुतेक बळी नसतातच, हे विसरून 'त्रिफळाचीत!' ओरडलेले खूप आहेत.

११. नमुना फीत

काम मागायला जाताना तीन मिनिटांची ध्वनिफीत पुरते. त्यात सलग एक पूर्ण निवांत षटक ठेवा, फक्त बळी आणि षटकार कापून जोडू नका. निवडणारा जाणकार असेल तर तो निर्धाव चेंडूच ऐकतो, कारण षटकार कोणालाही सांगता येतो. एक डावखुरा फलंदाज, एक धावफलक, एक सुधारलेली चूक असली तर उत्तम. फितीत संगीत घालू नका. आकाशवाणीच्या केंद्रांवर हंगामी निवेदकांच्या चाचण्या होतात, त्यात लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी दोन्ही असतात. तिथे शिरलात की खेळांच्या कार्यक्रमांची ओळख होते.

फीत पाठवण्याआधी ती क्रिकेट न बघणाऱ्या घरातल्या एखाद्या माणसाला ऐकवा आणि तीन प्रश्न विचारा : कोण खेळत होतं, किती धावा झाल्या, चेंडू कुठे गेला. त्या माणसाला दोनांची उत्तरं आली तर पाठवा. एकच आलं तर तेच षटक पुन्हा बोला.